लष्कराचं मुख्यालय हललं तर स्थानिक रोजगाराचं काय होतं? आणि साताऱ्यानं नेमकं काय मागावं?

यवतेश्वर_घाट (धागाकर्ता)
मंडळी, थिएटर कमांडच्या, म्हणजे तिन्ही सेनादलं एका कमांडखाली आणण्याच्या, बातम्या आल्या की आपल्याकडे दोन विषय हमखास निघतात. पहिला असा की पुण्यातलं दक्षिण कमांडचं मुख्यालय उद्या हललं किंवा लहान झालं, तर तिथे सिव्हिलियन म्हणून किंवा ठेकेदाराकडे कामाला असलेल्या सातारा, कोरेगाव, कराड, वाळव्याच्या माणसांचं काय? दुसरा आपला स्वतःचा. साताऱ्यानं पिढ्यान् पिढ्या जवान दिले. अपशिंगे मिलिटरी गावानं एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच निघाली. मग एखादं मुख्यालय साताऱ्यात का येऊ नये?
माझं मत स्पष्ट आहे, यायला हवं. सदर बझार आणि कॅम्प ही नावं आपल्याकडे अजून आहेत, त्या नावांना शोभेल असं काम पुन्हा यावं. पण भावनेच्या भरात चुकीची मागणी होऊ नये म्हणून विचारतो: मुख्यालय हलतं तेव्हा नेमकं काय हलतं? कोणाची नोकरी राहते, कोणाची जाते? आतला हिशेब माहीत असणाऱ्यांनी लिहा. पक्ष आणि नेते मात्र बाहेर ठेवूया.

शिवथर
वाचतोय. चांगला विषय.

मिरज_जंक्शन
आधी एक गैरसमज दूर करतो. मुख्यालय म्हणजे छावणी नव्हे. कमांड मुख्यालयात मुख्यतः स्टाफ असतो: अधिकारी, क्लार्क, स्टेनो, नकाशे, फायली आणि संदेशवहन. त्याच्या सोबतीला सिग्नल युनिट, मिलिटरी पोलीस, फील्ड पोस्ट ऑफिस, गाड्यांचा ताफा असतो. एका इन्फंट्री बटालियनमध्येच साधारण ८०० माणसं. भाजी, दूध, मटण यांचा खप अशा युनिटांवर चालतो, मुख्यालयावर नाही.
पुण्याचंच बघा. दक्षिण कमांड १८९५ पासूनची. पण त्याच शहरात एएफएमसी (लष्करी वैद्यकीय महाविद्यालय), कमांड हॉस्पिटल, एनडीए, सीएमई (लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय), बॉम्बे सॅपर्सचं केंद्र, खडकीची दारूगोळा फॅक्टरी, ५१२ आर्मी बेस वर्कशॉप, डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. मुख्यालय उठलं तरी यातलं काहीच त्याच्याबरोबर उठत नाही. सिव्हिलियन रोजगार मोजायचा तर तो या यादीत जास्त आहे. ज्या गावात फक्त मुख्यालयच आहे, तिथे खरा फटका बसतो.

पगारपत्रक
मिरज_जंक्शन यांच्याशी सहमत. आता नोकऱ्यांचे प्रकार वेगळे करून सांगतो, कारण सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं की अफवा पसरतात.
केंद्राच्या पगारपत्रकावरचे संरक्षण सिव्हिलियन म्हणजे एलडीसी आणि यूडीसी (कनिष्ठ आणि वरिष्ठ क्लार्क), एमटीएस (पूर्वीचे शिपाई वगैरे), कुक, फायरमन, ट्रेड्समन मेट, माळी. यांची नोकरी मुख्यालय हलल्यानं जात नाही. पद हललं तर बदली होते, पद रद्द झालं तर माणूस सरप्लस, म्हणजे अतिरिक्त, ठरतो. त्यासाठी १९९० चे सरप्लस कर्मचारी पुनर्नियुक्ती नियम आहेत. पगाराला संरक्षण मिळतं, आधीची सेवा पेन्शनला धरली जाते. पण नव्या कार्यालयात ज्येष्ठता नव्यानं सुरू होते, आणि हे बहुतेकांना बदलीचा कागद हातात पडल्यावर कळतं. प्रमोशन दोन वर्षांवर आलेल्या माणसाला याची झळ सर्वांत जास्त बसते.
ताजं उदाहरण मिलिटरी फार्मचं. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिला निघाला, २०१७ मध्ये ३९ फार्म बंद करायचा निर्णय झाला आणि ३१ मार्च २०२१ ला ते औपचारिकपणे बंद झाले. तिथले कर्मचारी मंत्रालयातच इतरत्र सामावून घेतले.
बदलीत खिशाला काय होतं तेही बघा. यूडीसीचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे २५,५००. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. पुणे एक्स वर्गात, भत्ता ३० टक्के, म्हणजे ७,६५०. सांगली वाय वर्गात, २० टक्के, ५,१००. सातारा झेडमध्ये, १० टक्के, २,५५०. म्हणजे कार्यालय पुण्याहून साताऱ्याला आलं तर त्याच क्लार्कचे महिन्याला ५,१०० कमी. बदलीचं एकरकमी अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के, म्हणजे २०,४००. ते चार महिन्यांत भरपाई करून संपतं.

यवतेश्वर_घाट
हे माहीत नव्हतं. म्हणजे साताऱ्याला यायला पुण्यातले कर्मचारीच नाखूष असणार?

पगारपत्रक
ज्यांचं घर पुण्यात आहे ते नक्कीच. ज्यांचं घर कोरेगावात आहे आणि पुण्यात भाड्यानं राहतात ते आनंदानं येतील. म्हणून अशा वेळी स्वेच्छा यादी आधी मागवतात. ज्यांना जायचंय त्यांनी त्या यादीत लेखी नाव द्यावं, तोंडी सांगून काही होत नाही. आणि वाद झालाच तर सिव्हिलियनांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल वर्दीवाल्यांसाठी, तिथे सिव्हिलियननं खेटे घालू नयेत.

रहिमतपूरकर
सगळे सरकारी नोकरांचंच बोलताय. गेटवर पास दाखवून आत जाणारे ठेकेदाराचे कामगार, कॅन्टीनमधली पोरं, मेसचे वेटर, त्यांचं काय? संख्येनं तेच जास्त असतात. त्यांना ना बदली, ना सरप्लस.

हजेरीपट
रहिमतपूरकर, मुद्दा अगदी बरोबर, आणि इथेच सर्वांत जास्त गोंधळ आहे.
युनिट रन कॅन्टीनचे, म्हणजे युनिटनं स्वतः चालवलेल्या कॅन्टीनचे, कर्मचारी सरकारी नोकर नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये दिला. त्याआधी २००१ चा निकाल उलट होता, म्हणून अजून अनेकजण त्या जुन्या निकालावर विसंबून असतात. मेसमध्ये रेजिमेंटल फंडातून, म्हणजे युनिटच्या स्वतःच्या निधीतून, पगार घेणाऱ्यांनीही आपण केंद्राच्या पगारपत्रकावर आहोत की फंडाच्या, हे पगाराच्या पावतीवरून आजच बघून ठेवावं. दोघांचं भविष्य वेगळं आहे.
आता ठेकेदाराकडचे कामगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, पण छाटणीचं मूळ सूत्र तेच आहे. सलग एक वर्ष सेवा झाली असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. ग्रॅच्युइटी वेगळी: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पगार १८,००० आणि सेवा ८ वर्षं असेल तर सुमारे ८३,०७७ रुपये होतात.
अडचण कुठे येते? कामगार तोच राहतो, ठेकेदार दर एक-दोन वर्षांनी बदलतो, आणि प्रत्येक नवा ठेकेदार त्याला नवीन भरती दाखवतो. मग ८ वर्षांची सेवा कागदावर सहा तुकड्यांत दिसते. यावर उपाय एकच, पुरावा. जुने गेटपास फेकू नका, त्यावर तारखा असतात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवा, प्रत्येक ठेकेदारानं नवा काढला असेल तर जुने त्यात जोडून घ्या. पीएफ पासबुकात प्रत्येक आस्थापनेचं नाव आणि महिने दिसतात, ती प्रिंट काढून ठेवा. ठेकेदारानं शेवटचा पगार बुडवला तर मूळ मालकावर, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयावर, तो देण्याची जबाबदारी कायद्यानं येते. पण ती मागायला हजेरी सिद्ध करावी लागते.

चाफळ
@हजेरीपट, काम सुटल्यावर पीएफ लगेच काढावा का? बरेचजण मिळेल तेवढं काढून मोकळे होतात.

हजेरीपट
पेन्शनचा भाग काढू नये. एकूण सेवा १० वर्षं भरली की ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, पेन्शन लागू होते. ७ वर्षं झालेल्या माणसानं पैसे काढले तर ती ७ वर्षं गेली. त्याऐवजी फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्यायचं, पुढच्या नोकरीत ती वर्षं जोडली जातात. ठेकेदार नोकरी सोडल्याची तारीख टाकत नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती सदस्याला स्वतः पोर्टलवर टाकता येते.
ईएसआय (कामगार विमा) कापलं जात असेल, म्हणजे पगार २१,००० पर्यंत असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून काम सुटल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. योजनेची मुदत टप्प्याटप्प्यानं वाढवली जाते, अर्जाआधी ती चालू आहे का बघा.

तासगाव_बेदाणा
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा राव. मुख्यालय राहू दे, एमआयडीसीतल्या पोरांनाही उपयोगाचा आहे.

रेशन_स्टँड
पुरवठादारांच्या बाजूनं लिहितो. सांगली-साताऱ्यातून पुण्याला भाजी, अंडी, चिकन देणारे बरेच आहेत. ताज्या रेशनचे ठेके स्टेशननिहाय, म्हणजे लष्करी ठाण्यानुसार, वार्षिक निघतात. निविदा संरक्षण खात्याच्या डेफप्रॉक पोर्टलवर असतात, बयाणा आणि सुरक्षा ठेव लागते, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा) परवाना लागतो. माल सकाळी सप्लाय डेपोत तपासून घेतात. जो नाकारला जातो तो तिथल्या तिथे बदलून द्यावा लागतो, नाही दिला तर ते बाजारातून घेतात आणि फरक तुमच्या बिलातून कापतात. ठेकेदार बुडतात ते बहुतेक याच कापाकापीत.
मुख्यालय हलण्याचा यावर परिणाम कमी, मिरज_जंक्शन म्हणाले तसा. पण ठेक्यात दिलेलं प्रमाण हे अंदाजी असतं, हमी नसते. युनिट हललं आणि खप निम्म्यावर आला तरी दर तोच राहतो आणि गाडीभाडं तुमच्या अंगावर येतं. म्हणून स्टेशनमधली माणसांची संख्या बदलण्याची कुणकुण असेल त्या वर्षी वाहतूक खर्च टनावर न धरता फेरीवर धरून दर भरावा.

कास_फुलोरा
व्यापारी बाजू राहिली. कॅम्पातले मिलिटरी टेलर. त्यांच्या दुकानातला माल दोन प्रकारचा असतो. मेडलच्या रिबिनी, बेल्ट, टोप्या, बूट कुठल्याही छावणीत खपतात. पण खांद्यावरचं फॉर्मेशन साइन, म्हणजे ओळखचिन्ह, त्या त्या कमांडचं, डिव्हिजनचं असतं. मुख्यालय गेलं की त्या चिन्हांचा गठ्ठा कुणी घेत नाही. भरतकामाची किमान ऑर्डर मोठी असते म्हणून दुकानदार वर्षाचा माल एकदम उचलतो. मुख्यालय हलण्याची चर्चा असताना असा माल तीन महिन्यांपेक्षा जास्त भरू नये.

यवतेश्वर_घाट
मुद्दे पटतायत, तरीही माझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. मुख्यालय आलं तर अधिकारी येतात, त्यांची मुलं चांगल्या शाळांत जातात, घरं भाड्यानं जातात, दवाखाना सुधारतो. खप कमी असेल पण पैसा चांगला फिरतो. हे कुणी नाकारू नये.

कृष्णाकाठ
नाकारत नाही. पण मुख्यालय येणं आणि काम येणं वेगळं असतं, हे आपल्याच मातीत दोनदा दिसलंय.
सातारा बघा. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि कारभार पुण्याला सरकला. छत्रपतींची गादी साताऱ्यातच राहिली, पण सरदारांची वर्दळ, सावकारी, दफ्तर हे सगळं शनिवारवाड्याकडे वळलं. मान इथे, काम तिथे.
उलट उदाहरण सांगलीचं. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले. नुसता दरबार आणला असता तर सांगली लहानच राहिली असती. त्यांनी गणेशदुर्ग बांधला, गणपती मंदिराचं काम काढलं, पेठ वसवली, व्यापारी आणून बसवले. त्या बाजारपेठेवर आजची हळदीची उलाढाल उभी आहे.
आणि मिरज. तिथले शिकलगार हत्यारं घडवणारे, धार लावणारे. लढाया संपल्या, हत्यारांची मागणी संपली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याच घरांतले कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा वाळवणं, लाकडाची दांडी बसवणं, पडदे बांधणं, घोडीवरची जवारी काढणं, या सगळ्याला तोच हातांचा अंदाज लागतो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लष्कर गेल्यावर गावात काय उरतं, तर लोकांच्या हातातलं कसब. म्हणून मागणी करताना आपल्या पोरांच्या हातात कोणतं कसब येईल हे आधी बघावं.

मिरज_जंक्शन
कृष्णाकाठ, दंडवत.

नेकार_तीर
देशातलीच दोन उदाहरणं जोडतो. पश्चिम कमांडचं मुख्यालय १९८५ मध्ये सिमल्याहून चंडीमंदिरला गेलं. सिमल्याची जागा मात्र लष्कराकडेच राहिली, १९९३ मध्ये तिथे महूहून ट्रेनिंग कमांड आली. म्हणजे मध्ये आठ वर्षं गेली. दक्षिण-पश्चिम हवाई कमांड १९९८ मध्ये जोधपूरहून गांधीनगरला गेली, पण जोधपूरचा हवाई तळ जोधपूरलाच राहिला, आणि तिथला रोजगार तळावर आहे.
जागेबद्दल एक. ‘मुख्यालय गेलं की जमीन गावाला मिळेल’ हा हिशेब कुणी करू नये. संरक्षण खात्याची जमीन राज्याला हवी असेल तर बदल्यात तेवढ्याच किमतीची जमीन किंवा बांधकाम द्यावं लागतं, आणि फाईल दिल्लीपर्यंत जाते. रस्ता रुंद करायला चार गुंठे हवे असले तरी वर्षं जातात.

राइन_ते_वेण्णा
बाहेरची उदाहरणं. युरोपातल्या अमेरिकी सैन्याचं मुख्यालय २०१३ मध्ये हायडेलबर्गहून वीसबाडेनला हललं. जर्मनीत परदेशी सैन्याकडे काम करणाऱ्या स्थानिक कामगारांसाठी १९७१ पासून वेगळा सामाजिक सुरक्षा करार आहे, तळ बंद झाल्यानं काम गेलं तर पुढच्या कामातला पगाराचा फरक काही काळ भरून मिळतो. आपल्याकडच्या कंत्राटी कामगारांसाठी असं काही असावं, ही मागणी मला मुख्यालयाच्या मागणीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. हायडेलबर्गमधली सैन्यानं सोडलेली सुमारे १८० हेक्टर जागा शहरानं टप्प्याटप्प्यानं वसवायला घेतली, तेही अनेक वर्षांचं काम आहे.
न्यू जर्सीतलं फोर्ट मॉनमथ २०११ मध्ये बंद झालं, काम मेरीलँडला गेलं. अनुभवी इंजिनिअरांपैकी अनेकांनी घर सोडून जायला नकार दिला, त्यामुळे नव्या ठिकाणी कामाचं ज्ञान नव्यानं उभं करावं लागलं. जुन्या जागेवर चित्रपट स्टुडिओचं बांधकाम सुरू व्हायला २०२५ उजाडलं.
आणि अनिश्चितता तर फारच वाईट. अमेरिकेच्या स्पेस कमांडचं मुख्यालय जानेवारी २०२१ मध्ये हंट्सव्हिलला ठरलं, जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जलाच ठेवायचं ठरलं, सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा हंट्सव्हिल. सुमारे १,४०० पदांचा प्रश्न, पण दोन्ही गावांतल्या घरबांधणीवाल्यांनी कशाच्या भरवशावर कर्ज काढायचं?

खंबाटकी
मग साताऱ्यानं काय मागावं, ते कोणी ठोस सांगेल का? इतिहास-भूगोल झाला.

मिरज_जंक्शन
सांगतो. मुख्यालय मागू नये. वर्कशॉप, डेपो किंवा प्रशिक्षण केंद्र मागावं. वर्कशॉपमध्ये फिटर, वेल्डर, टर्नर, ऑटो इलेक्ट्रिशियन लागतात, म्हणजे थेट आयटीआयची पोरं. सुट्या भागांची कामं बाहेर जातात, ती देगाव एमआयडीसीतल्या लहान शेडना मिळू शकतात. मुख्यालयातून बाहेर येण्यासारखं काम म्हणजे छपाई आणि चहा.
पण अटी कठीण आहेत. जड वाहनांच्या वर्कशॉपला रेल्वे सायडिंग (माल चढवायचा-उतरवायचा बाजूचा रूळ) हवी, रॅम्प हवा, चाचणी रस्ता हवा, बारमाही पाणी हवं. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, शहराबाहेर. सायडिंगला ते उलट सोयीचं. जंक्शन म्हणून मिरज सरस आहे, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर चारही बाजूंना गाडी जाते. मी मिरजेचा म्हणून म्हणत नाही.

शिवथर
मिरजेचेच म्हणून म्हणताय. 😀 पण पाणी दोघांनाही कृष्णेचंच, मग भांडण कसलं.

यवतेश्वर_घाट
ठीक. मागणीचा मजकूर बदलतो: ‘मुख्यालय’ काढून ‘दुरुस्ती वर्कशॉप अथवा प्रशिक्षण केंद्र, स्थानिक आयटीआयशी जोडलेलं’. शिवाय राइन_ते_वेण्णा म्हणाले ती कंत्राटी कामगारांची तरतूद पहिल्या क्रमांकावर घेतो. कुणाची हरकत?

पगारपत्रक
हरकत नाही. एक भर घाला. माजी सैनिकांसाठी जिल्ह्यातलं ईसीएचएस पॉलिक्लिनिक, म्हणजे त्यांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना, वाढवणं. तिथले डॉक्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, ड्रायव्हर कंत्राटी असतात, माजी सैनिकांना प्राधान्य असतं. कुठल्याही मुख्यालयापेक्षा हे लवकर होण्यासारखं आहे, आणि ते हलायची भीती नाही, कारण पेन्शनर इथेच राहतात.

वर्धनगड_पायरी
उशिरा लिहितेय, पण एक गट सगळ्यांच्या यादीतून सुटला. अधिकाऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बायका. त्यांना अनेकदा पगार थोडा आणि राहायला सर्व्हंट क्वार्टर असतं. साहेब बदलले की नवे येतात, बाई तिथेच राहते. मुख्यालयच गेलं की नवे साहेब येत नाहीत. काम आणि घर एकाच दिवशी जातं, आणि त्याबरोबर पत्ताही. रेशनकार्ड, गॅस, मुलाचा शाळा प्रवेश, सगळं त्या पत्त्यावर. त्यात माण-खटावच्या कितीतरी आहेत. त्यांनी काय करावं?

हजेरीपट
ताई, फार महत्त्वाचं विचारलंत. क्वार्टर सोडायच्या आधी, ताबा असेपर्यंत करायची कामं सांगतो. ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्याकडून तारखांसह, सहीचं पत्र घ्यावं, साहेब एकदा पुढच्या पोस्टिंगला गेले की सही मिळत नाही. ई-श्रम, म्हणजे असंघटित कामगारांची, नोंदणी करावी, १६ ते ५९ वयापर्यंत होते, ती पत्त्यावर अडत नाही. रेशन बंद होत नाही, एक देश एक रेशनकार्डमुळे आधार जोडलेलं असेल तर गावाकडच्या दुकानातही धान्य मिळतं, पण अंगठा जुळतो का हे आधी एकदा तपासावं. मुलांचा दाखला वर्षाच्या मध्येही मिळतो, आणि आठवीपर्यंत दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. गॅसचं कनेक्शन बंद न करता दुसऱ्या एजन्सीकडे वर्ग करावं. आधारवरचा पत्ता मात्र नवं घर पक्कं झाल्यावरच बदला. मधल्या तात्पुरत्या पत्त्यावर बदलला तर सगळे कागद दोनदा करावे लागतात.

वर्धनगड_पायरी
धन्यवाद. हे मराठीत एका पानावर छापून औंध, दहिवडी, वडूजच्या बचत गटांपर्यंत पोचवते.